अंगणातली फोर्कलिफ्ट

मामंजी बंदराच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झाले, तेव्हा माझं लग्न होऊन चारच महिने झाले होते. मी साताऱ्याची, सासर मद्रासचं. सासरची माणसं मूळची तंजावरकडची मराठी. किती पिढ्यांपूर्वी तिकडे गेली ते त्यांनाही नक्की सांगता येत नसे. एग्मोर स्टेशनच्या मागल्या अंगाला एका गल्लीत आमचं बैठं घर होतं. पुढे मोठं अंगण, अंगणात तुळस, विहीर आणि शेवग्याचं उंच झाड. घरात आम्ही चौघं: मामंजी, सासूबाई, आमचे हे आणि मी. हे विम्याच्या कचेरीत कारकून होते.

निरोप समारंभाच्या आधी साहेबांनी मामंजींना विचारलं, "तुम्हाला भेट काय देऊ? मनगटी घड्याळ की चांदीची समई?"

मामंजी म्हणाले, "गोदामामागे ती पडली आहे ती द्या."

ती म्हणजे एक फोर्कलिफ्ट. लढाईच्या दिवसांत बोटीने आलेली. पुढच्या दोन लोखंडी सुळ्यांवर माल घ्यायचा आणि उभ्या खांबावरून वर चढवायचा, असं ते यंत्र. हमाल तिला 'आनै' म्हणत, म्हणजे तमिळमध्ये हत्ती. काही वर्षं चालली, मग बंद पडली. मामंजी म्हणाले होते, "तीन आठवडे द्या, उभी करतो." त्यावेळच्या साहेबाने ऐकलं नाही, 'निकामी' असा शेरा मारून तिला गोदामामागे ढकलून दिली. मामंजी ज्या खिडकीत बसून दुपारचा डबा खात, तिथून ती नेमकी दिसायची. किती वर्षं तिच्यावर गंज चढताना बघत त्यांनी दहीभात खाल्ला असेल, कोण जाणे.

नव्या साहेबाने आनंदाने होकार दिला. जागा रिकामी होत होती, वर समईही वाचत होती.

सासूबाईंना वाटलं होतं, मामंजी हार गळ्यात घालून टॅक्सीतून येतील. हार गळ्यात होता खरा, पण मामंजी लॉरीत ड्रायव्हरशेजारी बसून आले, आणि लॉरीमागे साखळदंडाने बांधलेली ती. फाटकातून आत जाईना, म्हणून फाटक काढलं. तरी जाईना, म्हणून फाटकाचा एक खांब पाडला. अखेर गल्लीतल्या बारा-पंधरा माणसांनी ढकलून तिला शेवग्याखाली आणून उभी केली. गंजाने लाल झालेली, बसायच्या जागी पिंपळाचं रोप उगवलेलं, आणि इंजिनात उंदरांचं घर.

सासूबाई ओसरीवर आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते तसंच खाली ठेवलं.

"हें काय ध्यान आणिलांत?" त्या म्हणाल्या.

त्यांच्या घरचं मराठी असं होतं. मला पहिले काही दिवस वाटायचं, मी एखाद्या बखरीत राहायला आले आहे. वर त्याला तमिळचा हेल. तो कागदावर उतरत नाही, म्हणून पुढे सगळ्यांचं बोलणं मी आपल्या नेहमीच्या मराठीतच लिहिते.

मामंजी म्हणाले, "तीन आठवडे."

आठ महिने लागले.

मी त्यात कशी ओढली गेले ते सांगते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते आणि मामंजी खांबाच्या खालच्या बाजूला हात घालायची खटपट करत होते. आत एक नट होता, पण त्यांचा हात जाडजूड, मनगटापाशी अडकायचा. बराच वेळ बघून मी म्हणाले, "मामंजी, माझा जाईल."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग बांगड्यांकडे. म्हणाले, "बांगड्या मागे सार."

हात गेला. नट गंजलेला होता, पण रॉकेल सोडून सोडून अर्ध्या तासात फिरला. तो बाहेर आला तेव्हा मला जो आनंद झाला तो बी.ए.चा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता. त्या दिवसापासून दुपारचं आवरलं की मी अंगणात. सासूबाई म्हणायच्या, "सून आणली की फिटर आणला?" पण अडवलं मात्र नाही. मामंजी दिवसभर घरात बसले असते तर त्यांनी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात लक्ष घातलं असतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

इंजिन उघडलं, सगळे भाग सुटे केले आणि रॉकेलमध्ये भिजत घातले. घरातली भांडी एकेक करून अंगणात जाऊ लागली. घंगाळ गेलं, दोन पराती गेल्या. एकदा सासूबाईंनी इडलीचं भांडं उघडलं तर प्रत्येक खळग्यात एकेक बेअरिंग, नंबरवार मांडलेलं. मामंजी म्हणाले, "मिसळू नयेत म्हणून." त्या दिवशी उपमा झाला.

मला तेव्हा तमिळ येत नव्हतं. जे शिकले ते मामंजींकडून, म्हणजे वर्कशॉपमधलं. पहिला शब्द 'सुत्ती', म्हणजे हातोडी. दुसरा 'तिरुप्पुळी', म्हणजे स्क्रू फिरवायचा पेचकस. मग 'तूक्कु', उचल. 'निरुत्तु', थांबव. 'तळ्ळु', ढकल किंवा सरक. फोरमन हमालांना ओरडून सांगतो तसे सगळे शब्द. तमिळमध्ये मोठ्या माणसाशी बोलताना शब्दाला शेवटी मानाचं एक शेपूट जोडतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मामंजींना वर्कशॉपमध्ये ते शेपूट कधी लागलं नव्हतं.

भाजीवालीला मी 'तूक्कु' म्हणाले. तिने टोपली उचलली आणि हसत हसत निघून गेली. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

आमच्या शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहत. उंच, पांढरं धोतर, कपाळाला गंध, हातात छत्री. त्यांची बायको ही सासूबाईंची एकुलती एक मैत्रीण. रोज चार वाजता दोघी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून कॉफी प्यायच्या. भिंत छातीइतकी, त्यामुळे टंबलर ठेवायला बरी. हेडमास्तर दुपारी झोपायचे आणि आमची ठोकाठोक नेमकी दुपारी चालायची. एके दिवशी ते समजावून सांगायला म्हणून आले. आम्ही त्याच वेळी इंजिनाचं जड झाकण दोघांनी धरून बाजूला नेत होतो. हेडमास्तर नेमके वाटेत उभे. मी मागे मागे येत होते, हात सुटत चालले होते, आणि मी ओरडले, "तळ्ळु!"

झाकण आम्ही कसंबसं खाली ठेवलं. हेडमास्तर मामंजींना अगदी हळू आवाजात म्हणाले, "तेहतीस वर्षं शाळा चालवली. इन्स्पेक्टरसुद्धा मला 'सरक' म्हणाला नाही."

मामंजी हसले. तीच चूक झाली. हेडमास्तर छत्री उघडून, ऊन नसताना, चालू लागले. दुसऱ्या दिवसापासून चार वाजता भिंतीपलीकडे कोणी येईना. सासूबाई दोन दिवस टंबलर घेऊन उभ्या राहिल्या, तिसऱ्या दिवशी आत बसून प्यायल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भिंतीवरून माफी मागायला गेले, पण तेवढं तमिळ माझ्याकडे नव्हतंच. मला फक्त 'स्पॅनर दे' म्हणता येत होतं.

ह्यांना या सगळ्याची लाज वाटायची. कचेरीतून आले की गल्लीच्या तोंडाशी थांबून आधी आमच्या अंगणातून आवाज येतोय का ते ऐकायचे. आवाज असला की स्टेशनवर जाऊन पेपर वाचत बसायचे. "अप्पा, लोक काय म्हणतात माहीत आहे का?" असं त्यांनी एकदा वडलांना विचारलं. मामंजी म्हणाले, "विचार त्यांना, कोणाकडे जुना कार्ब्युरेटर आहे का?"

पावसाळ्याआधी इंजिन एकदा फुरफुरलं. शेवग्यावरचे सगळे कावळे उडाले, मामंजी रडले आणि ते पुन्हा बंद पडलं. पण खरी अडचण इंजिनाची नव्हती, खांबाची होती. सुळे वर चढवायचे तर एका जाड नळकांड्यात तेलाचा दाब लागतो, आणि त्या तेलाला अडवायला आत चामड्याची वाटी असते. आमची वाटी कुजून गेली होती. सुळे वीतभर चढायचे आणि उसासा टाकल्यासारखे खाली यायचे. नवी वाटी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. कंपनी परदेशातली, ती तरी जिवंत होती की नाही कोण जाणे.

मग मामंजी आणि मी बसने तिरुवल्लिकेणीला एका चांभाराकडे गेलो. मामंजींनी कागदावर काढलेला गोल त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "याला बसेल असं जाड, एकसारखं चामडं पाहिजे."

चांभाराने कागद फिरवून फिरवून पाहिला. "डाव्या पायाची की उजव्या?"

"पायाची नाही. हत्तीच्या घशाची."

त्याने आणखी काही विचारलं नाही. चामडं मात्र उत्तम दिलं.

आता त्या चकतीला वाटीचा आकार द्यायचा होता. चामडं भिजवून, एखाद्या गोल साच्यात दाबून, एरंडेल तेलात चार दिवस ठेवायचं. साचा बरोब्बर मापाचा हवा. मामंजी कॅलिपर घेऊन घरभर हिंडले. डबे, गडू, तांब्या सगळं मोजलं. आणि मग मापात अगदी सुताइतकाही फरक नसलेली एक वस्तू सापडली. सासूबाईंच्या कॉफीचा डबरा. माहेरून आलेला, चांदीचा. कॉफी निववायला टंबलरखाली ठेवतात तो.

मी म्हणाले, "मामंजी, नको."

ते म्हणाले, "चार दिवस. तिला कळणार नाही."

दुसऱ्याच दिवशी कळलं. सासूबाई कोठीच्या खोलीत मोहरी घ्यायला गेल्या आणि आपल्या माहेरच्या डबऱ्यात, एरंडेलात पोहत असलेलं चामडं त्यांना दिसलं. सोवळ्याओवळ्याचं घर. मी कपाळाला हात लावून भिंतीशी उभी राहिले. त्या बाहेर आल्या. ओरडल्या नाहीत. मामंजींना म्हणाल्या, "चांगलं भिजू द्या. आणि झालं की कॉफी त्यातच प्या."

पुढे तीन आठवडे मामंजींना आणि मला कॉफी अंगणातच मिळाली, नारळाच्या करवंटीत. ह्यांना ओसरीवर, स्टीलच्या टंबलरमध्ये. एका घरात तीन पंगती झाल्या.

वाटी मात्र अशी बसली की तेलाचा एक थेंब गळेना. सुळे चढवले की तिथेच राहायचे. मामंजी रात्री जेवताना मधेच उठून कंदील घेऊन बघून यायचे आणि म्हणायचे, "आहे. तिथेच आहे."

नवरात्र आलं. मद्रासला नवमीला आयुधपूजा करतात. घरात हत्यार-अवजार जे असेल ते धुवून, गंध-कुंकू लावून मांडायचं आणि त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. सासूबाईंनी विळी मांडली, कात्री मांडली, ह्यांचं फाऊंटन पेन मांडलं. मग बराच वेळ अंगणाकडे बघत उभ्या राहिल्या. शेवटी गंधाची वाटी घेऊन खाली उतरल्या आणि फोर्कलिफ्टच्या कपाळावर तीन बोटं ओढली. हिरवा रंग आम्ही आठवड्यापूर्वीच दिला होता, त्यावर गंध छान उठून दिसलं. सुळ्यांना झेंडूची माळ घातली, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. त्या आत गेल्यावर मामंजींनी उपरण्याने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. मामंजींनी हँडल मारलं. चौथ्या झटक्याला इंजिन धडधडून सुरू झालं. चाकांखालची लिंबं चिरडत ती हातभर पुढे आली आणि थांबली. हे सुट्टी म्हणून घरी होते. खांबाआड उभे राहून बघत होते. मामंजींनी तांदळाचं पोतं उचलून दाखवलं. मग अंगणातला दगडी रगडा उचलला.

सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "पोतं हमालही उचलतो. शेंगा काढून देईल का?"

त्या शेवग्याला शेंड्याकडे हातभर लांबीच्या शेंगा लागल्या होत्या. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, त्यावर कोणी चढत नाही, आणि आकडी तिथवर पोचत नव्हती. दर वर्षी त्या शेंगा वरच्या वर वाळून जायच्या आणि सासूबाईंचा जीव हळहळायचा.

"काढून देईल," मामंजी म्हणाले, "पण वर माणूस लागेल."

"मग मी बसते."

सासूबाई पायऱ्या उतरून अंगणात आल्या. त्यांनी ओसरीवरचा लाकडी बाक ओढून आणायला लावला, सुळ्यांवर घट्ट बांधून घेतला, पदर खोचला, हातात आकडी घेतली आणि बसल्या. मामंजींनी लिव्हर धरण्याआधी तळहात चिंधीने दोनदा पुसले. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने त्यांच्या कामावर इतका विश्वास टाकलेला त्यांनी पाहिला नसावा.

त्या वर गेल्या. हळूहळू, अगदी पालखीत बसल्यासारख्या. भिंतीच्या वर, ओसरीच्या कौलांच्या वर. पटापट शेंगा खाली पडू लागल्या. मी गोळा करत होते. पुरे झाल्यावर त्या म्हणाल्या, "घ्या खाली."

मामंजींनी लिव्हर ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला. ढकलला. दोन शिव्या दिल्या, तमिळमध्ये. तेल परत सोडणाऱ्या झडपेत काहीतरी अडकलं होतं, आणि आमची वाटी तर थेंबभर तेल सोडायला तयार नव्हती.

"काय झालं?" वरून आवाज आला.

"काही नाही. बस जरा. हवा चांगली आहे."

हे घरात पळाले. एकामागून एक सगळ्या गाद्या आणून त्यांनी फोर्कलिफ्टभोवती अंथरल्या, वर उशाही ठेवल्या. मामंजी म्हणाले, "ती झोपायला उतरणार आहे का?"

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवर सांडगे वाळत घालायला हेडमास्तरीणबाई आल्या. पाठ वळवली तर कठड्यापलीकडे, चार हातांवर, अधांतरी बाकावर बसलेली आपली मैत्रीण. किंकाळी फुटली ती आधी, आणि नंतर हसू. मग सासूबाईही हसू लागल्या. बाक हलायला लागला, मामंजी खालून ओरडले, "हसू नका!" त्याने आणखीच हसल्या.

पुढचं बोलणं तमिळमध्ये झालं, मला निम्मंच कळलं. पण कित्येक महिन्यांचं साठलेलं होतं. कोणाच्या मुलीचं ठरलं, कोणाचे दात काढले, गुडघा कसा आहे. मधेच हेडमास्तरीणबाई खाली गेल्या आणि कॉफी घेऊन आल्या. कठड्यावरून वाकून त्यांनी टंबलर दिला, सासूबाईंनी इकडून चार शेंगा दिल्या.

मी इकडे खांबाखाली हात घालून बसले होते. मामंजींनी ठरवलं होतं की नळकांड्याच्या बुडाचा जोड किंचित सैल करायचा, तेल थोडं थोडं सोडायचं. हात अर्थातच माझा. "पाव आटा," ते म्हणत होते, "फक्त पाव." मी पान्हा फिरवला. तेलाची बारीक पिचकारी थेट माझ्या दसऱ्याच्या रेशमी साडीवर उडाली, आणि वरचा बाक दोन बोटं खाली सरकला.

"थांबव!" सासूबाई ओरडल्या. "कॉफी संपली नाही अजून!"

आवाज ऐकून हेडमास्तर गच्चीवर आले. त्यांनी आधी हवेतल्या सासूबाईंकडे पाहिलं, मग खाली माझ्याकडे. मी तेलाने चेहऱ्यापासून पायापर्यंत माखले होते. मला त्या क्षणी काय सुचलं कोण जाणे. मघापासून वरच्या गप्पांत सासूबाईंच्या तोंडून ऐकलेलं मानाचं ते शेपूट मी सापडेल त्या सगळ्या शब्दांना जोडलं आणि म्हणाले, "मन्निच्चुक्कोंग, सार." माफ करा. मग घाबरून चुकून पुढे म्हणाले, "तळ्ळुंग." म्हणजे, कृपया सरका.

हेडमास्तरांनी धोतर सावरलं. मग गंभीरपणे एक पाऊल बाजूला सरकले.

सासूबाईंना खाली यायला पाऊण तास लागला. गाद्यांवर पाय ठेवून उतरल्या, टंबलर माझ्या हातात दिला आणि शेंगांचं सांबार करायला आत गेल्या. दुपारी शेजारी पातेलंभर पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून हेडमास्तर रोज संध्याकाळी अर्धा तास मला तमिळ शिकवायला येऊ लागले. पाठाची सुरुवात अर्थातच मानार्थी क्रियापदांपासून झाली.

झडपेतून काथ्याचा एक धागा निघाला. मामंजींनी तो कागदाच्या पुडीत बांधून बरेच दिवस जपून ठेवला होता.

पुढे अंबत्तूरला कारखाने उभे राहू लागले. मामंजींच्या हाताखाली शिकलेल्या एकाने तिथे लहानसं ओतकामाचं युनिट काढलं होतं. तो बघायला आला, दोनदा वर-खाली करून पाहिली आणि म्हणाला, "मला द्या. पण चालवायला कोणाला येणार? तुम्हीच या."

मामंजींनी दोन दिवस घेतले. त्यांना ती जावी असंही वाटत नव्हतं आणि अंगणात नुसती उभी राहावी असंही वाटत नव्हतं. शेवटी सासूबाईंनीच निकाल लावला. "यंत्र काय, माणूस काय, घरी बसवून ठेवलं की गंजतं," त्या म्हणाल्या. "जा घेऊन."

ती गेली त्या दिवशी लॉरीत फळ्यांवरून ती चढवायला मामंजी स्वतः बसले. मागच्या बाजूला फळी धरून हे उभे होते. गल्लीतले लोक जमले होते आणि हे त्यांना सांगत होते, "मागची चाकं वळतात हिची, पुढची नाही. चालवायला सोपी नाही बरं."

मग मामंजी रोज सकाळी डबा घेऊन अंबत्तूरच्या गाडीला जाऊ लागले. खाकी विजार, खाकी सदरा, दोन्हींना इस्त्री. पाच वर्षं गेले. तिथल्या माणसांना शिकवलं, दुसरी दोन जुनी यंत्रं उभी केली. रविवारी जेवताना कुठला पंप कसा कुरकुरत होता ते सांगायचे, आणि मी भात वाढता वाढता विचारायची, "मामंजी, वायसर बघितलात का?"

अंगणात तिच्या जागी तेलाचा मोठा काळा डाग राहिला. सासूबाईंनी राख, शिकेकाई, लिंबू सगळं घासून पाहिलं. मग त्यांनी नाद सोडला आणि पहाटे त्याच्यावरच रांगोळी घालू लागल्या. काळ्यावर पांढरी रेघ चांगली दिसते म्हणाल्या.